तांब्यातली खाच

वाकुई सेइजीचे हात आईवर गेले होते. जपानातल्या किर्यू गावात घरोघर रेशमाचे माग चालायचे, आणि तुटलेला धागा गाठ दिसणार नाही असा जोडण्यात त्याच्या आईचा हात धरणारी बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती. बाप फिलिपाइन्सच्या जंगलात राहिला. त्याच्या अस्थी म्हणून जी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी घरी आली, तिच्यात नाव लिहिलेली लाकडाची एक पट्टी होती, बाकी काही नाही. आईने पेटी हलवून पाहिली, पट्टीचा आवाज ऐकला आणि परत मागावर जाऊन बसली.

तेव्हा सेइजी तेरा वर्षांचा होता. शाळेतली सगळी मुलं कारखान्यात लावलेली. त्याच्या वाट्याला गारगोटीचे स्फटिक घासायचं काम आलं. विमानांच्या रेडिओत बसणाऱ्या चकत्या. काचेवर ओली वाळू टाकून त्या ठरलेल्या जाडीला आणायच्या. "केसाएवढी चूक झाली तर विमान बहिरं होतं, गाढवांनो!" मुकादम ओरडायचा. हिवाळ्यात बोटं फुटायची, वाळू जखमेत शिरायची, पोरं मुसमुसायची. सेइजीला मात्र ते काम आवडायचं. घासून झालेली चकती उजेडाकडे धरली की तिच्या आत काहीच नसायचं, धूळ नाही, डाग नाही. ज्या वर्षी बाप गेला, ज्या वर्षी रताळ्याच्या देठांवर दिवस काढले, त्या वर्षी आपण दुपारच्या त्या चार क्षणांत सुखी होतो, याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. ही गोष्ट त्याने फक्त बायकोला सांगितली, तीही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी.

लढाई संपली. शिष्यवृत्तीवर शिकत शिकत तो एका नदीकाठच्या शहरातल्या विद्यापीठात पोहोचला. विद्यापीठाचं नाव इथे नको. घन पदार्थांच्या आत काय घडतं, धातू वीज का वाहून नेतो, लोखंड चुंबक का होतं, हे शोधणारं शास्त्र तेव्हा देशात नव्याने उभं राहत होतं. कुरोसे मुनेनोरी हे त्यातलं मोठं नाव. गोरे, अंगाने भरलेले, हसले की सगळी खोली हसायची. एका दुपारी प्रयोगशाळेत तापमापकाची केसासारखी तार तुटली. तीन जणांनी हात टेकले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सेइजीने पुढे होऊन ती जोडली.

कुरोसे सेन्सेइंनी, म्हणजे गुरुजींनी, त्याची बोटं आपल्या तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. "डोकं बरं आहे तुझं, वाकुई, बरं म्हणजे बेताचं. पण हात देवाने सवडीने घडवलेत. माझ्याकडे राहा."

तो राहिला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या थुंकीत रक्त आलं. क्षय. गरिबाघरचा पोरगा, अजून पदवीची शाई वाळायची होती, संपलाच म्हणायचा. सेन्सेइ भर पावसात आपल्या डॉक्टर वर्गमित्राच्या दारात जाऊन बसले, 'खाट मिळाल्याशिवाय उठत नाही' म्हणाले. डोंगरावरच्या आरोग्यधामात खाट मिळाली, औषध मिळालं. अकरा महिने सेइजी तिथे पडून होता, आणि अकरा महिने सेन्सेइंनी त्याची सहायकाची जागा रिकामी ठेवली. तिथल्या स्वयंपाकघरात भात वाढणारी फुमिए नावाची मुलगी त्याला आवडली, तर तिच्या बापाकडे बोलणी करायलाही सेन्सेइच गेले. लग्नात मध्यस्थ म्हणून ते आणि त्यांची बायको नवरानवरीच्या दोन बाजूंना बसले. छातीतला श्वास आणि घरातली बायको, दोन्ही त्यांनीच दिलेली. असं ऋण माणूस फेडत नाही, त्याच्या सावलीत राहतो.

सेइजीचं काम स्फटिक वाढवण्याचं आणि ते मोजण्याचं. भट्टीत तीन-तीन आठवडे राखलेल्या वितळलेल्या रसातून मँगनीजच्या एका संयुगाचे गुलाबी खडे तो काढायचा. करंगळीच्या नखाएवढे, आरपार स्वच्छ. दुसऱ्या विद्यापीठांतून मागणी यायची. कुरोसे सेन्सेइंनी कागदावर गणित करून भाकीत केलं होतं, की या स्फटिकातले अणू म्हणजे इवले इवले लोहचुंबक, आणि शून्याखाली दोनशे चाळीस अंशांच्या गारठ्यात ते सगळे एकाच वेळी कूस बदलतील. बदलले, तर स्फटिक तापवायला लागणाऱ्या उष्णतेत तिथे एक झटका दिसेल. आलेखाच्या रेषेत खाच पडेल.

त्रेसष्ट सालच्या एप्रिलमध्ये खाच पडली. नखाने ओरखडा काढावा तशी बारीक, पण दर वेळी त्याच जागी. सेन्सेइ आलेखाच्या कागदापुढे कितीतरी वेळ उभे राहिले, मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "चार वर्षं, वाकुई. चार वर्षं लोक मला कवी म्हणत होते." त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः सेइजीच्या पेल्यात तांदळाची साके ओतली. लेख छापला गेला. परदेशातून पत्रं आली.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, ऑलिंपिक चालू होतं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ मोठ्याने लावला होता. सेइजीला तापमापकाची एक साधी तपासणी करायची होती. म्हणून त्याने गुलाबी खड्याच्या जागी तांब्याचा तुकडा बसवला. शुद्ध तांबं, त्यात अणू कूस बदलत नाहीत, तिथे काही घडायचं कारणच नाही. तापमापक नेहमीसारखा गोंदाच्या थेंबाने चिकटवला, थंड केलं, हळूहळू तापवत आकडे टिपले, ठिपके जोडले.

दोनशे चाळीसला खाच होती.

त्याने पुन्हा मोजलं. मग गोंद अर्ध्याने कमी केला. खाच अर्ध्याने कमी झाली. वर रेडिओवर लोक आरडत होते, कुणीतरी जिंकलं होतं. सेइजी स्टुलावर बसला. त्या गारठ्यात वाळका गोंद तडकत होता, एवढंच. अणूंनी कूस बदलली नव्हती. सेन्सेइंच्या भाकिताचा पुरावा म्हणजे चिकटवायच्या गोंदाची तडतड.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन्ही आलेख घेऊन सेन्सेइंच्या खोलीत गेला. त्यांनी पाहिले. चहा गार होईपर्यंत पाहिले.

"तांबं अशुद्ध असेल."

"सेन्सेइ, ते मीच शुद्ध केलंय."

"किती जणांना बोललास?"

"कुणालाच नाही."

"मग घाई कसली? पुन्हा करू. नीट करू. आता नाही... पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे. नव्या संस्थेचं ठरतंय, तुला माहीतच आहे. तीस जणांच्या जागा आहेत तिथे. त्यांनाही बायका-पोरं आहेत."

सेइजी मान खाली घालून उभा राहिला. सेन्सेइंनी पेला फिरवत फिरवत खिडकीबाहेर बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "खोकला कसा आहे रे हल्ली?"

"बरा आहे. आपल्या कृपेने."

"जप स्वतःला."

बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही आलेख आतच राहिलेत. मागायला तो परत गेला नाही. संध्याकाळी जेवणाआधी त्याने फुमिएला सांगितलं. ती मुळा चिरत होती. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कानावर घातलंत ना? मग आता ते बघतील." तिला गोंदातलं आणि तांब्यातलं काय कळणार? पण त्या वाक्याने सेइजीला केवढा दिलासा मिळाला! 'आता ते बघतील' हे वाक्य त्याने पुढे आठ वर्षं पांघरुणासारखं वापरलं.

ओबाता कोसुके आला तो त्यानंतरच्या फेब्रुवारीत. पश्चिमेकडच्या एका लहान विद्यापीठातला एकोणतीस वर्षांचा संशोधक. कुरोसेंची खाच आणखी बारकाईने मोजायची, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. उंच, वाकलेला, मनगटं बाहीतून बाहेर आलेली. येताना त्याने वडिलांच्या भट्टीतलं एक लाल कौल आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. "आमच्याकडे दुसरं काही पिकत नाही," म्हणाला आणि लाजला.

तो तीन दिवस सेइजीच्याच घरी उतरला. दिवसा दोघं प्रयोगशाळेत. सेइजीने त्याच्यासमोर गुलाबी खडा बसवला, गोंदाचा थेंब टाकला, मोजलं. खाच उमटली तसा ओबाता लहान पोरासारखा हसला. "बापरे! डोळ्यांनी बघितली! वाकुईसान, मला वाटायचं, छापताना शाई सांडली असेल."

हसता हसता सेइजीला खोकल्याची उबळ आली. तांब्याचा तुकडा दोन हातांवर, खणात होता. तो बसवायला अर्धा दिवस लागला असता. ओबाता आणखी दोन दिवस होता.

जेवताना फुमिए म्हणाली, "तुमचा पाहुणा भात खातो का नुसतं बोलतो?" सेइजीने आपल्या वाटणीची भाजलेली मासळी उचलून ओबाताच्या ताटात ठेवली. तीनही दिवस ठेवली. निघताना त्याला आपल्या हातचा सर्वांत चांगला खडा कापसात घालून दिला.

जूनपासून ओबाताची पत्रं सुरू झाली. पहिलं नम्र, गोंधळलेलं: खाच दिसत नाही, माझंच काही चुकत असेल. दुसऱ्यात प्रश्न: किती वेगाने थंड करता? तिसऱ्यात त्याने स्वतःच वाढवलेल्या स्फटिकांचे आकडे होते. चौथ्या पत्रात एक ओळ होती, ती सेइजीने पुन्हा पुन्हा वाचली. 'खड्याला बाहेरचं काही लागू नये म्हणून मी तापमापक गोंदाने न चिकटवता रेशमी धाग्याने बांधतो. फार कटकटीचं आहे, पण जमतं.'

तो तापमापक तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो धाग्याने बांधणं, तेही असं की टेकलेला राहील आणि ताण पडणार नाही, हे सेइजीला स्वतःला जमलं नसतं. त्याच्या आईला जमलं असतं कदाचित. ओबाताला खाच दिसत नव्हती, कारण ओबाताचं काम त्याच्यापेक्षा चांगलं होतं.

पत्र घेऊन तो सेन्सेइंकडे गेला. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "लिही त्याला, हाताळणीत दोष असावा. स्फटिकाला ताण बसतोय म्हणावं."

"सेन्सेइ, हा धागा—"

"तुझ्या अक्षरात लिही. माझ्या सहीने गेलं तर बिचारा घाबरेल."

सेइजीने लिहिलं. सुबक अक्षरात, ऋतूची विचारपूस करून, 'हाताळणीत दोष असावा'. अशी चार उत्तरं त्याने दोन वर्षांत लिहिली.

सहासष्टमध्ये सेन्सेइंना मोठा पुरस्कार मिळाला. नवी संस्था झाली. एका परिषदेत कुणी ओबाताच्या मोजमापांचा विषय काढला, तर सेन्सेइ हसून म्हणाले, "काय आहे, पश्चिमेकडे देव हात देत नाही, नुसते कोपर देतो." सभागृह लोटपोट झालं. ओबाता तिसऱ्या रांगेत बसला होता. सेइजी व्यासपीठाच्या बाजूला चित्रफलक बदलायला उभा होता. त्याने ओबाताकडे पाहिलं नाही. ओबाता आपल्या हातांकडे बघत असणार, हे त्याला न पाहताच कळलं. पुढच्या वर्षी ओबाताचा प्रबंध नाकारला गेला. त्याने विद्यापीठ सोडलं, एवढं कानावर आलं. त्याच्या प्राध्यापकाच्या भाचीशी ठरत आलेलं लग्नही मोडलं म्हणे. पत्रं बंद झाली. सेइजीला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे कळल्यावर त्याचं जेवण जाईना. फुमिएने विचारलं तर म्हणाला, "पोट बिघडलंय."

बहात्तरच्या मार्चमध्ये सेन्सेइ निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणाला शंभरावर माणसं. सेइजीच्या शेजारी पहिल्या वर्षाचा एक संशोधक पोरगा बसला होता, तो मित्राला सांगत होता, "आज पूर्ण दिवस फुकट गेला यार. तार तोडली, खडा पाडला. असला ओबाता केला ना!"

सेइजीने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "काय केलंस?"

"ओबाता केला, वाकुईसान. म्हणजे... घोळ घातला. आपल्याकडे म्हणतात ना सगळे?"

"ओबाता कोण होता, माहीत आहे?"

पोरगा गडबडला. "माणूस होता? मला वाटलं कुठल्या तरी बोलीतला शब्द असेल."

पलीकडे सेन्सेइ उभे राहून भाषण करत होते, लोक हसत होते. सेइजीने समोरचा पेला उचलला आणि न पिता ठेवून दिला.

मे महिन्याच्या सुट्टीत तो पश्चिमेकडे निघाला. फुमिएला म्हणाला, "एकाची माफी मागून येतो." दोन गाड्या बदलून, समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या तिसऱ्या गाडीने तो त्या गावात उतरला. लाल छपरं आणि त्यांच्यामागे भट्ट्यांचा धूर. ओबातांची भट्टी स्टेशनातूनच दिसत होती.

म्हातारा बाप दारातच भेटला. विद्यापीठातून कुणी आलंय म्हटल्यावर त्याने पायरी झटकली, आत बसवलं, चहा दिला, लोणच्याची बशी पुढे सरकवली. "कोसुके माल बांधतोय. येईल. तुम्ही त्याच्याबरोबर होतात का शिकायला? बरं झालं आलात. तुम्हीच सांगा त्याला काही. आमच्या घराण्यात छपराच्या टोकाला बसवायचं राक्षसाच्या तोंडाचं कौल करतात. नुसत्या हाताने. मी केलं, माझ्या बापाने केलं. हा लहान असताना असा राक्षस करायचा, की शेजारची पोरं पळायची. आता मातीला हात लावत नाही. म्हणतो, 'बाबा, माझे हात चांगले नाहीत.' पाच वर्षं झाली. नुसता पेंढ्यात कौलं बांधतो. हे शिकवतात होय तुमच्या विद्यापीठात?"

तेवढ्यात ओबाता आला. केसांत पेंढा, खांदे आणखी वाकलेले. सेइजीला बघून तो थांबला, मग रीतीने वाकला. म्हातारा दोघांना बोलू द्यावं म्हणून भट्टीकडे गेला.

सेइजी चटईवर कपाळ टेकून बसला आणि तसाच बोलला. "ओबातासान, तुमच्या स्फटिकात खाच नव्हती, कारण ती कुठेच नव्हती. गोंद तडकायचा. तांबं लावलं तरी यायची. तुम्ही धागा बांधायचात म्हणून तुम्हाला दिसली नाही. तुमची मोजणी बरोबर होती. पहिल्यापासून."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चौसष्टच्या ऑक्टोबरात."

"मी तुमच्याकडे आलो फेब्रुवारीत."

"हो."

"म्हणजे मी तिथे होतो तेव्हा... तुम्ही मला ती खाच दाखवलीत तेव्हा..."

"हो."

"आणि पत्रं? ती कुरोसे सेन्सेइंनी सांगितली म्हणून?"

"अक्षर माझं होतं."

"अक्षर ओळखतो मी!" ओबाता पहिल्यांदाच ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोकं वर करा. तुमचं कपाळ बघायला नको मला. तीन दिवस स्वतःच्या ताटातला मासा मला वाढलात. किती चांगला माणूस, असं आईला लिहिलं होतं मी. तेव्हाच का नाही बोललात? रस्त्यात, जिन्यात, कुठेही? कुणाला कळलं नसतं. मी माझा विषय बदलला असता, बस."

"सेन्सेइंनी माझा जीव वाचवला होता."

"मग तुमचा द्यायचा होतात. माझा कशाला दिलात?"

बाहेर म्हातारा भाजलेलं एकेक कौल बोटाने टिचकी मारून बघत होता. बद्द वाजलेली बाजूला पडत होती. ओबाताने आपले दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले होते आणि तो ते बघत होता, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"वडिलांना यातलं काही सांगू नका," तो शेवटी म्हणाला. "मुलगा नालायक निघाला, हे त्यांनी कसंबसं पचवलंय. मुलाला फसवलं, हे त्यांना पचणार नाही. ते तुमच्या सेन्सेइंच्या दारात कोयता घेऊन जातील." आणि उठत म्हणाला, "पावणेचारला गाडी आहे. त्यानंतरची सातला. पावणेचारच्या गाडीने जा, वाकुईसान. सातपर्यंत तुम्ही इथे राहिलात तर मी काय करीन, माझं मलाच ठाऊक नाही."

सेइजी पावणेचारच्या गाडीने गेला. म्हाताऱ्याने फाटकापर्यंत येऊन हात जोडल्यासारखं वाकून सांगितलं, "परत या हं!"

आल्या आल्या त्याने दोन पानांचा लेख लिहिला. तांब्याचे आलेख नव्याने मोजून जोडले, आणि ओबाता कोसुके यांची मोजमापं बरोबर होती, असं स्पष्ट नाव घालून लिहिलं. विभागाच्या नव्या प्रमुखांनी तो वाचून कपाळाला हात लावला.

"वाकुईसान, हे काय नवीन आहे? परदेशात कुणालाच ती खाच सापडली नाही. पाच-सहा वर्षं तो लेख कुणी वापरतसुद्धा नाही. सगळ्यांना माहीत आहे हो."

"ओबाताला कुणी सांगितलं?"

प्रमुखांनी लेखाची पानं जुळवून परत पुढे सरकवली. मग म्हणाले, "म्हातारपणी कुरोसे सेन्सेइंचं तोंड काळं करून काय मिळवणार? तुमचंही नाव आहे त्या लेखावर."

"म्हणूनच."

मासिकाने लेख परत पाठवला: नवीन काही नाही, शिवाय मूळ लेखाच्या पहिल्या लेखकाची संमती हवी. शेवटी विद्यापीठाच्याच वार्षिक अंकात, जो वाचनालयांत धूळ खात पडतो त्यात, त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तो छापून आला. आठवड्याने सेन्सेइंच्या बायकोचा फोन फुमिएला आला. "तुमच्या लग्नाचा फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. तो पोस्टाने पाठवलाय. यापुढे नववर्षाचं कार्ड पाठवू नका."

फोटो आला. फुमिएने तो कपाटात उपडा ठेवला आणि नवऱ्याजवळ येऊन बसली. "एक सांगते. 'सेन्सेइंनी जीव वाचवला, बायको दिली, म्हणून गप्प बसलो' असं पुन्हा कधी म्हणू नका. जीव तुमचा तुम्ही सांभाळा. पण मला मध्ये घेऊ नका. मी कधी सांगितलं होतं, माझ्यासाठी खोटं लिहा?"

"तूच म्हणालीस, आता ते बघतील."

"मी मुळा चिरत होते हो!" ती म्हणाली आणि रडायला लागली. असं रडताना त्याने तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

छापील प्रत त्याने ओबाताला पाठवली होती. दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. वर नमस्कार नाही, खाली क्षेमकुशल नाही. 'मिळालं. दुसऱ्या पानावर माझ्या पहिल्या मोजणीचा महिना जून लिहिलाय. ती मे महिन्यात झाली. सत्तावीस तारीख. ओबाता.'

सेइजीने जुनी पत्रं काढून पाहिली. पत्र जूनचं होतं, मोजणी खरंच मे महिन्याची. तो वाचनालयात गेला, तिथल्या दोन प्रतींत शाईने 'जून' खोडून 'मे' केलं. ग्रंथपाल बाईने पकडलं, पुस्तक खराब केल्याबद्दल चांगलं झापलं. त्याने ऐकून घेतलं. उरलेल्या दीडशे प्रती देशभर गेल्या होत्या. त्यांत अजून जूनच आहे.

पुढची अठरा वर्षं तो सहायकच राहिला. त्याला संशोधनातून काढून पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग मांडायला लावलं: लोलक, भिंगं, तराजू. भट्टी दुसऱ्याकडे गेली, आणि त्या भट्टीतून तसे स्वच्छ खडे पुन्हा निघाले नाहीत. अठ्ठ्याहत्तरमध्ये कुरोसे सेन्सेइ वारले. सेइजी काळा कोट घालून गेला. रांगेत उभा राहिला, धुपाची चिमूट निखाऱ्यावर टाकली, फोटोपुढे वाकला. सेन्सेइंच्या बायकोने तोंड फिरवलं. तो घरी येऊन कोटासकट बसून राहिला. "मला त्यांचा रागच येत नाही, फुमिए," तो म्हणाला. "यायला पाहिजे ना? पावसात जाऊन बसले होते ते, माझ्यासाठी. तेच डोळ्यापुढे येतं." फुमिएने त्याच्या खांद्यावरून कोट काढून घेतला.

ओबाताला तो दर नववर्षाला कार्ड पाठवायचा. उत्तर एकदाही आलं नाही. कार्डंही परत आली नाहीत.

शहाण्णवच्या जानेवारीत सेइजीच्या, जुन्या क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांनी हात टेकले. अंत्यविधीला चौदा माणसं होती, निम्मी शेजारची. विद्यापीठातून एक जण आला, तोही सेइजीने लोलक शिकवलेला, नंतर विम्याच्या धंद्यात गेलेला. फुमिएने काळ्या किनारीची कार्डं छापून घेतली, पत्त्यांच्या वहीतून एकेक नाव वाचत लिहीत बसली. ओबाताच्या नावापाशी ती थांबली. म्हातारा बाप आता नसणार, भट्टी असेल नसेल, कोसुके तरी आहे का तेही माहीत नाही. तिने पत्ता लिहिला आणि ते कार्ड इतरांबरोबर टपालपेटीत टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही.